शेवटी बोलावतात तो

सॅन होजे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दिल्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. क्लबवाल्यांनी पोरांना बॉलिंग शिकवायला बोलावलंय आणि तू म्हणतोस, "मी जिल्ह्याच्या पुढं कधी गेलो नाही, मी कसला कोच?" फोनवर बोललो असतो तर भांडलोच असतो, म्हणून लिहायला बसलो.

तुला आमच्या गावच्या एका माणसाबद्दल सांगायचंय. आमच्या म्हणजे या सॅन होजेच्या. पंधरा वर्षं भाडं भरल्यावर गावाला आपलं म्हणायला हरकत नसावी. डेव्ह रिगेटी. तुझ्यासारखाच डावखुरा. बेसबॉलचं नाव काढलं की तुला जांभया येतात हे ठाऊक आहे, पण याच्यासाठी दहा मिनिटं जागा राहा.

हा १९५८ चा. बाप लहान लीगमधला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक), म्हणजे घरातच खेळ. टेक्सास रेंजर्स संघानं घेतला आणि दोन वर्षांच्या आत न्यूयॉर्कच्या यँकीजना देऊनही टाकला. १९८१ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे तिथल्या फायनलमध्ये, सुरुवातीचा पिचर (आपला नव्या चेंडूचा बॉलर समज) म्हणून उभा राहिला आणि तिसऱ्या इनिंगमध्ये बाहेर गेला. ती सिरीज यँकीज हरले. मग ४ जुलै १९८३. न्यूयॉर्क, समोर बोस्टन, अख्खे नऊ इनिंग, म्हणजे पूर्ण सामना, आणि बोस्टनला एकही हिट नाही, फटका मारून कुणी बेसवर पोहोचलंच नाही! शेवटचा बॅटर वेड बॉग्ज, त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त सरासरी राखणारा. त्यालाही हवेत बॅट फिरवायला लावली. यँकीजच्या पिचरकडून असं घडलं होतं ते त्याआधी थेट १९५६ मध्ये.

आणि पुढच्या मोसमात त्याला सांगितलं, तू आता सुरुवात करायची नाहीस. गूस गॉसेज नावाचा त्यांचा शेवटी येणारा भरवशाचा पिचर सॅन दिएगोला निघून गेला होता, ती जागा तू भर. वय पंचवीस. दिल्या, नव्या चेंडूनं समोरच्यांची दाणादाण उडवणाऱ्या पोराला म्हणायचं, उद्यापासून तू फक्त शेवटची दोन षटकं टाक.

इथं थोडं थांबतो. तुझ्या हातातला नवा चेंडू मीच काढून घेतला होता, फायनलच्या आदल्या रात्री, चहाच्या टपरीवर. "शेवटाला डोकं शांत ठेवणारा तूच आहेस," असं मी म्हणालो, आणि ते खरंही होतं. पण दुसरं खरं हे की माझ्या मावसभावाला ओपनिंग हवी होती. तू काही न बोलता ग्लास खाली ठेवलास. इतकी वर्षं तू ते काढलं नाहीस म्हणून मीही काढलं नाही.

यँकीजनी बरोबर केलं की चूक, यावर इथली माणसं अजून वाद घालतात. मला विचारशील तर चूक. पण रिगेटीनं ते काम असं केलं की चूक म्हणणाऱ्याची पंचाईत व्हावी. या कामाच्या हिशेबाला 'सेव्ह' म्हणतात: साधारणपणे आपण तीन किंवा त्याहून कमी धावांनी पुढं असताना यायचं आणि शेवटची इनिंग सांभाळून सामना पदरात पाडायचा. तोवर तीन तास बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेत, बसायचं. फोन वाजला की उठायचं, खांदा गरम करायचा. कधीकधी गरम करून परत बसायचं. १९८६ मध्ये त्यानं ४६ सेव्ह केले, तेव्हाचा विक्रम. शेवटचे दोन एकाच दिवशी, बोस्टनच्या मैदानावर, दोन सामने पाठोपाठ असताना.

त्याच वर्षी टोरांटोत जॉर्ज बेलनं त्याला ग्रँड स्लॅम मारला, एका फटक्यात चार धावा. नवा चेंडू हातात आला तो यानं सरळ वळून उजव्या बाजूच्या कुंपणावरून बाहेर फेकून दिला! सामना चालू, हजारो माणसं बघतायत. तू लाथ मारून स्टंप उखडला होतास ना, ते आठवलं. मला हा माणूस आवडायला लागला तो त्या ४६ मुळं नाही, या एका चेंडूमुळं.

१९९५ पर्यंत खेळला. एकूण २५२ सेव्ह, आणि वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्यांना मिळते ती अंगठी एकही नाही.

२००० मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनं त्याला पिचिंग कोच केलं आणि तो अठरा मोसम तिथंच राहिला. वर एकामागून एक तीन मॅनेजर झाले, हा होता तिथंच. मी इथं आलो तेव्हा ऑफिसातल्या एकानं सामन्याला नेलं. ट्रेननं शेवटच्या स्टेशनला उतरायचं, लसूण घातलेल्या फ्राइजचा वास आधी येतो, मैदान नंतर दिसतं. समोर खाडी, जुलै महिन्यात स्वेटर. तेव्हा तिथलं बुलपेन मैदानातच होतं, फाउल लाइनच्या कडेला, अगदी आमच्या पुढ्यात. बाकावर बसलेली ती माणसं बघताना मला सारखा तू दिसत होतास, पॅव्हेलियनच्या पायरीवर टॉवेल खांद्यावर टाकून बसलेला.

मग पिचर अडचणीत आला आणि रिगेटी उठून माउंडकडे, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याकडे, निघाला. घाई नाही. कॅचरही आला. पिचरनं हातमोजा तोंडापुढं धरला, ओठ कुणी वाचू नयेत म्हणून. बोलणं अर्धा मिनिट, पाठीवर एक थाप, परत. नियम असा आहे की एकाच इनिंगमध्ये त्याच पिचरकडे कोच दुसऱ्यांदा गेला, तर त्या पिचरला काढावंच लागतं. म्हणजे जाता येतं एकदाच. आपले सर आठव, सीमारेषेवरून प्रत्येक चेंडूला ओरडायचे!

टिम लिन्सिकम म्हणून एक किरकोळ अंगाचा पोरगा आला. फेकताना असा पिळवटायचा की बघणाऱ्याची कंबर दुखावी. ती ढब बापानं घडवलेली. जायंट्सनं ती बदलली नाही. २००८ आणि २००९, लागोपाठ दोन वर्षं त्यानं सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार नेला. आणि तुझा हात त्या शिबिरात 'सरळ' केला, त्याचं काय झालं ते आपण दोघंही जाणतो.

अंगठ्या? २०१०, २०१२, २०१४. पहिली जिंकली ती टेक्सास रेंजर्सना हरवून, ज्यांनी याला देऊन टाकलं होतं त्यांनाच. आणि २०१४ ची सातवी मॅच यूट्यूबवर बघच. मॅडिसन बमगार्नर, सुरुवातीचा पिचर, दोनच दिवस विश्रांती मिळालेला. तो बुलपेनमधून आला आणि पाच इनिंग टाकून त्यानं ३-२ असा सामना संपवला. सुरुवात करणारा शेवटाला उभा! डगआउटमध्ये बसलेल्या रिगेटीला तेव्हा काय वाटलं असेल, हे मी बऱ्याचदा मनात घोळवतो. दोन्ही कामं त्यानं स्वतः केली होती.

आता तुझ्या त्या डावखुऱ्या पोराचं. हात खांद्याच्या बाजूनं येतो म्हणालास. महिनाभर काही बदलू नकोस, नुसतं बघ. एक व्हिडिओ पाठव, बाजूनं काढलेला. दुखतं का, तेवढं मात्र रोज विचार.

डिसेंबरात येतोय. नेटमध्ये मी पॅड बांधून उभा राहीन, नवा चेंडू तू घे. पोटाखाली टाकलास तरी चालेल, माझं देणं बाकी आहे.

काकूंना नमस्कार. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा कधीच संपला, हे त्यांना मुद्दाम सांग.

तुझा,
बाळ्या

ता. क. मावसभावानं त्या फायनलमध्ये चार षटकांत बावन्न दिल्या होत्या. स्कोअरबुक अजून माझ्याकडे आहे.