हिरवी खूण आणि चुकीचा उच्चार

'परदेशी भाषांच्या वर्गात नवे तंत्रज्ञान' हा आपल्या अंकातील लेख वाचला. उपकरणे आली की अडचणी सुटतील, हा त्यातला सूर पटला नाही. मी जर्मन शिकवते आणि वर्गात अ‍ॅप वापरतेही. शब्द पाठ करायला ते उत्तमच. गाडी अडते ती उच्चारांवर. जर्मनमध्ये 'शोन' म्हणजे 'आधीच' आणि 'श्योन' म्हणजे 'सुंदर'. दुसऱ्या शब्दातला स्वर जीभ 'ए'च्या जागी ठेवून, ओठांचा चंबू करून काढावा लागतो. परवा एक विद्यार्थिनी 'हे सुंदर आहे' हे वाक्य सरळ 'शोन' म्हणत वाचून गेली आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली! आवाज ओळखणारी यंत्रणा बोलणाऱ्याला काय म्हणायचे असावे, याचा संदर्भावरून अंदाज बांधते. मजकूर सांगून टाइप करून घ्यायचा तर हा गुण. शिकणाऱ्याची चूक मात्र त्यात झाकली जाते, आणि सहा महिन्यांनी ती जिभेवरून उतरवताना शिक्षकाच्या नाकी नऊ येतात.

अमेरिकेत १९५८च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याच्या पैशातून शाळाशाळांत भाषा प्रयोगशाळा, म्हणजे ध्वनिफीत ऐकून उच्चार घोकण्याच्या खोल्या, उभ्या राहिल्या. पुढे त्यातल्या बऱ्याच धूळ खात पडल्या. तेव्हाची ध्वनिफीत फक्त ऐकवत असे. आताचे यंत्र ऐकते, पण फारच समजूतदारपणे. तेव्हा खरेदीच्या यादीत टॅबलेटबरोबर शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे तासही धरावेत, आणि तेही वेळापत्रकातले, रविवारचे नव्हेत.

– एक भाषाशिक्षिका