हिब्रू स्मृतिनोंदींत नाव सापडत नाही तेव्हा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इस्राएलमध्ये लष्करी सेवेत मृत्यू आलेल्या बेने इस्राएल (महाराष्ट्रातल्या मराठी भाषक ज्यू) जवानांची माहिती शोधणारे मराठी वाचक बहुधा एकाच जागी अडतात. तिथल्या संरक्षण मंत्रालयाच्या ‘इज्कोर’ या स्मृतिनोंदींच्या संकेतस्थळावर आडनाव इंग्रजीत टाकायचे, काही आले नाही की नोंदच नाही असे समजून थांबायचे. हा निष्कर्ष फार घाईचा आहे. मूळ नोंद हिब्रूत असते, शोधही हिब्रूतच घ्यावा लागतो.

मराठी आडनावांचे हिब्रू लेखन ठरलेले नाही. ‘दिवेकर’ घ्या. दालेद आणि योद ही पहिली दोन अक्षरे सोपी. पुढचा ‘व’ एक वाव, दोन वाव किंवा बेत अशा तीन प्रकारे लिहिता येतो. ‘क’ बहुधा कुफने, क्वचित काफने. ‘कर’मध्ये आलेफ घालायचा की नाही, हे त्या वेळच्या कारकुनावर. झाली बारा रूपे! ती कागदावर मांडून एकेक तपासावीत. ‘अष्टमकर’मधल्या ‘ट’साठी आधी तेत वापरावा, ताव नंतर. ‘च’ आणि ‘ज’साठी त्सादी व गिमेलवर गेरेश ही छोटी खूण लागते. कधी तिच्या जागी साधे अवतरणचिन्ह असते, कधी ती गाळलेली असते; म्हणून तिन्ही प्रकारे शोधावे.

पहिले नावही जसेच्या तसे मिळेल असे नाही. घरचा सॅम्युअल तिथे श्मुएल होतो, सॉलोमन श्लोमो, मोझेस मोशे, बेंजामिन बिन्यामिन. कित्येकांनी आडनावच बदलून हिब्रू घेतले. अशा वेळी आईवडिलांची नावे हाताशी हवीत, कारण नोंदीत ‘बेन’ (मुलगा) किंवा ‘बात’ (मुलगी) या शब्दापुढे ती दिलेली असतात. ती नावे आणि भारतासाठीचा ‘होदू’ हा शब्द साध्या शोधयंत्रात हिब्रूत एकत्र टाकले, तर आडनाव न जुळताही पान हाती लागू शकते. पान यांत्रिक भाषांतरातून वाचताना मात्र मूळ मजकूर शेजारी ठेवावा. दोव किंवा झेव ही माणसांची नावे तिथे ‘अस्वल’ आणि ‘लांडगा’ होऊन बसतात.

सर्वांत जास्त चुका तारखांत होतात. हिब्रू वर्ष अक्षरांत लिहितात आणि पाच हजार बहुधा गाळतात. ताव 400, शिन 300, लामेद 30, दालेद 4, म्हणजे 734. त्यात 1240 मिळवले की 1974 येते. पण हे जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी. वर्ष तिश्रीत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होते, म्हणून तिथपासून डिसेंबरअखेरपर्यंत 1239 मिळवायचे. योम किप्पूर युद्ध सुरू झाले ती 10 तिश्री 734 ही तारीख म्हणूनच 6 ऑक्टोबर 1973 ठरते. हे विसरले की त्या युद्धातल्या जवानाचा मृत्यू वर्षभर पुढे ढकलला जातो. शिवाय हिब्रू दिवस सूर्यास्ताला बदलतो, त्यामुळे रात्रीच्या मृत्यूत एका दिवसाचा फरक दिसतो. अधिक वर्षात अदार महिने दोन असतात, तेही पाहावे.

नोंद आहे म्हणजे माणूस धारातीर्थी पडला, असे सरसकट लिहू नये. ‘लढाईत पडला’ आणि ‘सेवाकाळात पडला’ ही वेगळी वाक्ये आहेत. दुसऱ्यात अपघात आणि आजारही येतात. हल्ल्यांत मेलेल्या नागरिकांची नावे इज्कोरवर शोधू नयेत. त्यांच्यासाठी तिथल्या राष्ट्रीय विमा संस्थेचे ‘लाआद’ हे वेगळे संकेतस्थळ आहे. आणि 1918मध्ये हैफा घेताना पडलेले भारतीय घोडदळाचे सैनिक या दोन्हींत नाहीत. ते राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदींत शोधावेत.

आपल्या पत्राला एक विनंती. अशा जवानांवर मजकूर छापताना नावाचे हिब्रू लेखन, आईवडिलांची नावे, दोन्ही पंचांगांतल्या तारखा आणि दफनभूमीतला विभाग, रांग व कबर क्रमांक द्यावा. चार ओळी जास्त लागतील, पण मागून शोधणाऱ्या नातेवाइकाला बारा रूपे पडताळत बसावे लागणार नाही.

आपला,
एक वाचक