नानांची परीक्षा घेऊ नकोस

रावेर, मार्गशीर्ष

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

काल तू व्हिडिओ कॉल ठेवलास आणि त्यानंतर तासभर नाना ओसरीवर नुसते बसून होते. समोरचा चहा निवून गेला. तू विचारलंस, "नाना, मी कुठल्या कंपनीत आहे सांगा बरं? पिंकीचा वाढदिवस कधी?" तुला वाटलं, आठवण जागी होईल. मला ते पेपराला बसवलेल्या पोरासारखे दिसले. उत्तर येत नाही, आणि आपल्याला येत नाही हे मात्र पक्कं कळतं. चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत हेच काम केलंय. विचारून विचारून कुणाला काही आठवत नाही रे. फोनवर हे बोलता येत नाही, ते शेजारीच असतात. म्हणून कागद घेतला.

दर रविवारी तुझं एकच, "पहिल्यासारखे कधी होतील?" मोटरसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागला, तेव्हाचे दवाखान्यातले दिवस तू पाहिलेस, ते पुन्हा उगाळत नाही. एवढंच आठवतं, की पहिल्या रात्री डॉक्टरांनी शुद्धीचे मार्क सांगितले होते, १५ पैकी ७. त्यात शून्य नसतंच म्हणे, काहीच हालचाल न करणाऱ्यालाही ३ मिळतात. तेव्हाही मनात आलं, एवढी सढळ तपासणी मी कधी केली नाही. आता मार्क द्यायचं मी सोडलंय. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा भरभर होते, मग हळू होते, पण वर्षानुवर्षं होत राहू शकते, असं डॉक्टर म्हणाले. भरभरचे महिने संपले. हेल्मेट अजून खुंटीलाच आहे. मी काढत नाही.

कवटीचा काढलेला तुकडा पोटाच्या कातडीखाली ठेवला होता, तो मे महिन्यात परत बसवला. तेव्हापासून डोकं गोल दिसतं आणि गावाच्या लेखी आजार संपला. "आता तर चांगले दिसतात की!" खरं सांगू? डोक्याला खड्डा होता तेव्हा लोक मला जास्त समजून घेत होते.

मार कपाळामागच्या भागाला आहे. मी माझ्यापुरतं असं समजून घेतलंय, की मोटार चालू आहे, पाइपात पाणी आहे, पण ड्रीपचे व्हॉल्व्ह नीट फिरत नाहीत. एखादा उघडतच नाही, एखादा बंद होत नाही. सकाळी ब्रश हातात घेऊन मोरीत दहा-दहा मिनिटं उभे असतात. आळस नाही तो. "पेस्ट लावा" म्हटलं की लावतात. "आता घासा" म्हटलं की घासतात. दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की दोन्ही राहतात. आणि न मिटणारा व्हॉल्व्ह म्हणजे राग. कुकरची शिट्टी, मिक्सर आणि टीव्ही एकदम सुरू झाले की ताट भिरकावतात. म्हणून डाळ मी सकाळी ते उठायच्या आत शिजवते आणि टीव्ही कपाटात गेलाय. दुपारी दोन तास झोप लागतेच. ती मोडली की संध्याकाळ गेलीच म्हणून समज. भेटायला येणाऱ्यांना मी आता दारातच सांगते, एकेकानं या. आपल्याकडे माणूस बघायला लोक टेंपो भरून येतात, त्यांना राग येतो. येऊ दे.

ओसरीत शाळेतला जुना फळा टांगलाय. वार, तारीख, कोण येणार, कोणत्या शेताला पाणी. दिवसातून वीस वेळा वाचतात. मला विचारण्यापेक्षा फळ्याला विचारण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

परवा पहिलं भरीत केलं. पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजली, धूर पार गल्लीत. २०१६ साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरातलं कात्रण यांनीच कपाटाला चिकटवलं होतं, आठवतं? त्या धुरात माझ्या शेजारी बसले होते आणि विचारलं, "आज काय करतेस?" डोक्याला मार लागला की वास जातो, पुष्कळांचा जातो. खारट, तिखट कळतं, पण भरीत कळत नाही. दोन घास खाल्ले आणि मीठ मागितलं. मीठ बरोबर होतं. मी वाढलं आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. वास गेल्याचं कळल्यापासून रात्री गॅसची टाकी बंद केल्याशिवाय मी झोपत नाही, कारण गळती झाली तर यांना कळणार नाही.

श्रावणातल्या कानबाईच्या रात्रीचं तुला कळवलं नव्हतं. देवीच्या नैवेद्याच्या, रोटाच्या गडबडीत रात्रीची फिटची गोळी द्यायची राहिली. चूक माझी. पहाटे अंग ताठ झालं, मग झटके. मी त्यांना कुशीवर वळवलं, घड्याळ पाहिलं, तोंडात काही घालू दिलं नाही. शेजारणी "कांदा आना, कांदा हुंगवा" म्हणून धावल्या. आणि यांना तर वासच येत नाही! त्या वेळी हसू कुठलं यायला, पण आठ दिवसांनी आठवून एकटीच हसले. दोन मिनिटांत थांबलं. पाच मिनिटांच्या वर गेलं असतं तर गाडी काढायची, हे आधीच ठरलेलं होतं. तरी सकाळी दवाखान्यात नेऊन आणलं. आता गोळ्यांच्या डबीवर वार लिहिलेत.

तू आलास की ते कदाचित सांगतील, "काल बऱ्हानपूरले गेलतो, केळीचा भाव पाह्यला." गेलेले नसतात. खोटंही बोलत नाहीत. रिकामी जागा राहिली की मेंदू ती जवळचं काहीतरी घालून भरतो. "छे, तुम्ही घरीच होता" असं पटवायला जाऊ नकोस. केळीचं बोल. करपा, घड, पिलं कधी काढायची, यातलं त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा आजही जास्त कळतं. मोटरसायकलची किल्ली मागितली तर माहीत नाही म्हण. ती ज्वारीच्या कोठीत आहे. आणि तुझ्या काकांना सांग, पार्टीत "थोडीशी घेऊ दे त्याला" हे चालणार नाही. मी सांगितलं तर बाईमाणसाचं म्हणणं होतं.

आता माझं. गेल्या महिन्यात एका रात्री नाना चौथ्यांदा उठून दार उघडायला लागले, "लाइट आली, पाणी भरायचं." मी ओरडले, "मुद्दाम करता तुम्ही!" ते खाली बघून म्हणाले, "चुकलं, बाई." शाळेतली पोरं म्हणतात तसं. भाऊ, बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला बाई म्हटलं नव्हतं. मी रात्रभर जागी होते. ते सकाळी विसरले.

म्हणून सांगते, सल्ला नको, माणूस ठेवायचे पैसेही सध्या नकोत. तू आठ दिवस ये. त्यांच्या खाटेशेजारी झोप, रात्री उठ, ब्रश सांग, आठ वाजता गोळी दे. तेवढ्यात तीन रात्री मी अमळनेरला मावशीकडे जाऊन येते. मला झोप पाहिजे, आणि कुणाशी तरी वाद न घालता पूर्ण वाक्य बोलायचंय. त्यांना सोडून जाताना वाईट वाटेल, पण जाणार.

सूनबाईला म्हणावं, स्वेटर आणलास तर पुढून बटणांचा आण. डोक्यावरून घालायचा त्यांना सहन होत नाही.

तारीख कळव, पण नक्की असेल तरच. "भाऊ येणार" असं एकदा फळ्यावर लिहिलं की ते दिवसभर दाराकडे बघत बसतात. मग मला ते पुसता येत नाही.

तुझी,
आई