नौपाड्याच्या काकांना, टपालाच्या कप्प्यांबद्दल

आदरणीय काका,
सा. न.

हे पत्र तुमच्या हातात आणून देता आलं असतं, मध्ये दोनच मजले आहेत. पण तुम्ही काय केलंत ते आमच्या गटातल्या प्रत्येकाला कळायला हवं, म्हणून उघडच लिहिते आहे.

मुक्त सॉफ्टवेअर मराठीत आणणारा आमचा गट ई-मेलवरच चालतो. होता होता आमच्या चौदा मेलिंग लिस्ट, म्हणजे एका पत्त्यावर टाकलेलं पत्र सगळ्या सभासदांना पोचवणाऱ्या याद्या, झाल्या होत्या. भाषांतराच्याच तीन. नवखा मुलगा नेमका बंद पडलेल्या लिस्टवर प्रश्न टाकायचा आणि वाट बघून निघून जायचा. त्यात या लिस्ट चालवणारं आमचं जुनं सॉफ्टवेअर मेलमन २ हे पायथन २ या संगणकभाषेवर चालणारं, आणि पायथन २ची देखभाल १ जानेवारी २०२०लाच थांबलेली. मेलमन ३ वर जाण्याआधी आवराआवर करायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. दोन महिने मी नुसते तक्ते करत होते.

तुमच्याकडे आले ती काकूंचा डबा परत द्यायला. तुमची नोकरी रेल्वे मेल सर्व्हिसमधली, धावत्या गाडीत उभ्यानं पत्रं कप्प्यांत टाकण्यात गेलेली. तक्ता बघून तुम्ही एवढंच विचारलंत, "कुठल्या कप्प्यात किती पत्रं पडतात, मोजलंस का?" मोजलं नव्हतं. मी विषयांची नावं जुळवत बसले होते. तुम्ही म्हणालात, "अगं, थैली जिथे उघडणार तिथला कप्पा ठेवायचा. उघडायला माणूसच नाही, तर पत्र तिथे अडकवायचं कशाला?"

मग तुमच्या जेवणाच्या टेबलावर, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आपण वर्षभराचं टपाल मोजलं. सहा लिस्टवर एकही पत्र नव्हतं. भाषांतराच्या तिन्ही लिस्टवर उत्तरं देणारी माणसं तीच पाच. चौदाच्या चार झाल्या: घोषणा, मदत, भाषांतर, विकास. नावं ठरवताना तुम्ही पिनकोडची गोष्ट सांगितलीत. एकाच नावाची गावं, पत्ते वेगवेगळ्या लिपींत, म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकरांनी ती सहा आकड्यांची पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२पासून ती लागू झाली. ते ऐकल्यावर मी सारखी दिसणारी सगळी नावं खोडून टाकली.

पण मला खरे आभार मानायचे आहेत ते त्या पुढच्या संध्याकाळचे. लिस्टवरच्या जुन्या पत्रांच्या संग्रहात जाहिरातींची रद्दी साचली होती. ती पुसून संग्रह नव्यानं बांधायचा माझा बेत होता. मेलमन २च्या संग्रहात प्रत्येक पत्राला ओळीनं क्रमांक असतो आणि तोच त्याच्या दुव्यात येतो, हे मी सहज बोलून गेले. तुम्ही चष्मा काढून ठेवलात. "म्हणजे रजिस्टरातली एक ओळ खोडून खालचे सगळे नंबर वर सरकवणार? मग ज्यांच्याकडे जुनी पावती आहे त्यांनी काय करायचं?"

काका, माझ्या पोटात गोळा आला. 'फाइल'ला धारिका म्हणायचं, संचिका म्हणायचं की फाइलच ठेवायचं, हा वाद आम्ही महिनोन्‌महिने घातला आहे. त्या पत्रांचे दुवे शब्दसूचीत आहेत, दोषनोंदींत आहेत, दुसऱ्यांच्या टिपणांत आहेत. मधलं एक पत्र गेलं असतं तर त्यापुढचा प्रत्येक दुवा भलत्याच पत्रावर उघडला असता, आणि कुणाला पत्ताही लागला नसता. तुम्ही सांगितलंत तसंच केलं: रद्दीचा मजकूर काढला, जागी "हे पत्र काढले आहे" एवढं लिहिलं, क्रमांक तसाच ठेवला. जुना संग्रह जुन्या पत्त्यावरच आहे, फक्त वाचण्यासाठी.

सभासदांनाही न विचारता हलवलं नाही. आधी पत्र पाठवलं, पंधरा दिवस थांबलो. एका जुन्या सभासदानं उत्तरात लिहिलं की कुणी विचारलं याचंच बरं वाटलं.

परवा मदत लिस्टवर कळव्याच्या एका विद्यार्थिनीनं जोडाक्षरं तुटतात म्हणून विचारलं. तासाभरात उत्तर गेलं, त्यात २००९च्या पत्राचा दुवा होता. मी तो दाबून पाहिला. बरोबर तेच पत्र उघडलं.

ते कॅलेंडर मला हवं आहे, टाकू नका. रविवारी सकाळी येते. काकूंना सांगा, या वेळी डबा भरलेला असेल.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची