ज्वारीला हमीभाव आहे, हमीचा गिऱ्हाईक नाही

महोदय,

जागतिक अन्नव्यवस्था व शाश्वत शेतीवरील आपल्या अग्रलेखात सोलापूरच्या शेतकऱ्याने ऊस सोडून ज्वारीसारख्या भरडधान्यांकडे वळावे, असा सल्ला आहे. तो पटतो, पण त्यात बाजाराचा हिशेब राहून गेला आहे. आमच्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष जाहीर केले आणि इथल्या काळ्या रानात मालदांडी जातीची ज्वारी आजही जमिनीतल्या ओलीवर पिकते. तरीही उजनी धरणाचे पाणी पोहोचले की उसाचीच लागण होते, कारण उसाला ठरलेला दर देण्याचे आणि १४ दिवसांत पैसे चुकते करण्याचे कायदेशीर बंधन कारखान्यावर आहे. (ते किती पाळले जाते, हा वेगळा विषय.) ज्वारी हमीभावाने घेण्याचे बंधन व्यापाऱ्यावर नाही. शिवाय ती हाताने उपटायची, मजूर वेळेवर मिळत नाहीत आणि अनेकदा कडब्याच्या पेंड्या विकूनच खर्चाची तोंडमिळवणी होते. शासनाने सुगीतच हमीभावाने खरेदी करून ही ज्वारी जिल्ह्यातल्याच रेशन दुकानांत आणि शालेय पोषण आहारात दरवर्षी द्यावी.

– एक ज्वारी उत्पादक, सोलापूर