ईसीजी नॉर्मल आला, तरी त्रास खराच होता

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर वहिनी शेजारी होत्या म्हणून तू आवरतं घेतलंस, हे कळलं मला. छाती आवळली, बोटांना मुंग्या आल्या, आता मरतो असं वाटलं आणि लोकल ठाण्याला थांबताच तू उतरलास. दवाखान्यात ईसीजी नॉर्मल आला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "सगळे मनाचे खेळ." या वाक्याचा मला मनस्वी राग आला.

तुला आला तो पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणारी तीव्र भीती. पण तुझ्या शरीरात जे झालं ते खरंच झालं. जिवाला धोका आहे असं मेंदूनं ठरवलं की अ‍ॅड्रेनलिन हे हार्मोन रक्तात उतरतं, ठोके वाढतात, श्वास भराभर चालतो. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञानं १९१५ मध्ये 'लढा किंवा पळा' म्हणून वर्णन केलेली हीच यंत्रणा. पॅनिक अटॅकमध्ये ती समोर धोका नसताना सुरू होते, इतकंच. श्वास फार जलद झाला की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. चक्कर, मुंग्या, ओठ बधिर होणं हे कार्बन डायऑक्साइड असा घटल्यामुळेच येतं. माणसाला मात्र हवा कमी पडतेय असं वाटतं आणि तो आणखी जोरात श्वास ओढतो.

हे तुलाच का झालं, याचं एक कारण सापडणार नाही. काहींच्या घराण्यातच हा कल असतो. तुझ्याकडे काकूंचं आजारपण, रात्रपाळी, अर्धवट झोप आणि जागं राहायला प्यायलेला चहा, एवढं सगळं साठलं होतं. थायरॉइडचं हार्मोन वाढलं तरी अशीच धडधड होते, म्हणून ती तपासणी आधी करून घे.

पण अटॅक पुन्हा पुन्हा का येतात, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये ते नीट मांडलं: छातीत जरा धडधडलं की आपण त्याचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लावतो, त्या अर्थानं घाबरतो आणि घाबरल्यानं धडधड वाढते. अटॅक बहुधा काही मिनिटांत टोकाला जाऊन आपोआप उतरतो. तू मात्र गाडीतून उतरलास, म्हणून उतरल्यामुळेच वाचलो असं तुझ्या मनानं धरलं. आता तू लोकल सोडून रिक्षा-बस करत जातोस, याचीच मला सर्वांत जास्त काळजी वाटते. आज लोकल सुटली, उद्या लिफ्ट सुटेल, मग बाजार.

दुपारच्या रिकाम्या गाडीनं ठाणे ते मुलुंड, एकच स्टेशन, आपण दोघं जाऊ. धडधडलं तरी बसून राहायचं. मात्र जिना चढताना किंवा चालताना छाती दुखली, तर तो वेगळा प्रश्न. तेव्हा लगेच डॉक्टर.

आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाच. विचार आणि वागणं बदलणारी, बोलण्यातून होणारी सीबीटी ही उपचारपद्धती यावर चांगली लागू पडते. औषध दिलं तर गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच सोडू नकोस. रात्री फारच अस्वस्थ वाटलं तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलीमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. माझा फोन तर चालूच असतो.

अपॉइंटमेंट मिळाली की दिवस कळव. मी रजा टाकतो, तुझ्यासोबत येतो. वहिनींनाही सगळं सांग रे, त्या एकट्याच तर्क करत बसल्यात.

तुझाच,
मित्र