मीठ पाठवतेय, पण बाबांनी खायचं नाही

अमेद, बाली

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी "बरं बरं, तब्येत सांभाळ" म्हणून फोन ठेवून दिला असता, म्हणून लिहितेय. सोमवारी मी आणखी दोन वर्षांच्या करारावर सही केली. पोळ्याला कायमची येते म्हणाले होते. पोळ्याला येईन, पण पंधरा दिवसांसाठीच.

रागावू नका, आधी ऐका. पगार वाढलाय, खोलीचं भाडं डायव्हिंगचे दुकानवाले देतात. आणि खरं सांगू? नागपुरात मी पुन्हा त्या ऑफिसातच जाऊन बसणार ना? "पोरगी इंजिनिअर होऊन लोकांना पाण्यात बुडवते" असं बाबा वरच्या काकांना सांगतात, ते माझ्यापर्यंत पोचलंय. बुडवत नाही हो बाबा, परत वरही आणते! परवा पासष्टीच्या एक बाई आल्या होत्या, त्यांना तुलांबेनच्या जहाजाशी नेलं. 1942 च्या जानेवारीत जपानी पाणबुडीने त्या अमेरिकन मालवाहू जहाजाला टॉर्पेडो मारला, मग ते कसंबसं ओढून किनाऱ्याला लावलं. एकवीस वर्षं तिथेच पडून होतं. 1963 ला अगुंग फुटला आणि त्या हादऱ्यांनी घसरून पाण्यात गेलं. आता त्याच्या पत्र्यावर पोवळी वाढलीत. बाईंनी माझं मनगट शेवटपर्यंत सोडलं नाही, अगदी आईने अंबाझरी तलावाला धरलं होतं तसं. त्या दिवसानंतरही मी पाण्यात उतरते याचं तुम्हाला नवल वाटतं. मलाही वाटतं.

हो, अगुंग म्हणजे तोच ज्वालामुखी. आई, दादाने पाठवलेले व्हिडिओ बघणं बंद कर. पहाड गावापासून सरळ रेषेत सोळाएक किलोमीटर आहे. 2017 मध्ये धोक्याची हद्द जास्तीत जास्त 12 किलोमीटरपर्यंत नेली होती, म्हणजे आमचं गाव तेव्हाही बाहेरच होतं. सरकारी लोक त्याच्यावर नजर ठेवून असतात, इशाऱ्याच्या चार पायऱ्या आहेत, आणि वरची पायरी आली की मी पिशवी उचलून निघणार. शपथ. इथली वाळू काळी आहे ती त्याच्याचमुळे, दुपारी पाय भाजतात. पण 46 डिग्री इथे नाही. कूलर लागत नाही, पंख्यावर भागतं.

जेवायची काळजी करू नका. बाबा, आपल्या शेतात होतं ते सोयाबीन इथले लोक आंबवून त्याच्या वड्या करतात, टेंपे म्हणतात, तळून रोज खातात. तुम्ही भाव पडला म्हणून कपाळाला हात लावता, आणि इथे बघा.

शेजारच्या इबू (इबू म्हणजे आईच) मीठ करतात. समुद्राचं पाणी मातीवर शिंपून वाळवतात, ती माती मोठ्या शंकूसारख्या टोपलीत भरून तिच्यातून पुन्हा पाणी गाळतात, आणि ते खारं पाणी नारळाच्या उभ्या चिरलेल्या, पोखरलेल्या खोडात ओततात. आजोबांच्या कोठ्यातल्या डोणीसारखंच दिसतं. दोन-चार दिवसांच्या उन्हात कडेला पांढरे दाणे धरायला लागतात. त्यांचा मुलगा क्रूझवर आहे. रोज सकाळी त्या मला खुणेने विचारतात, आईला फोन केला का? मी हो म्हणते. कधीकधी केलेला नसतो.

बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी यायला हवं होतं. डोळ्यात थेंब घालायचं काम आईने एकटीने केलं, आणि मी इथून "वेळेवर घाला" एवढं सांगत राहिले. ते मला टोचतं. म्हणूनच विमानाच्या तिकिटाचे पैसे आता वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: यांचंही शक कॅलेंडर आहे, आणि यांचं नवं वर्ष बरेचदा आपल्या पाडव्याच्या आगेमागे येतं. त्या दिवशी दिवे, गाड्या, विमानतळ, मोबाईलचं नेट, सगळं बंद. फोन लागला नाही तर पोलिसात जाऊ नका.

आता माझं ऐकायचं. कूलरमध्ये पाणी भरताना आधी बटण बंद, मग पाइप. बाबांनी संध्याकाळी स्कूटर काढायची नाही, बर्डीला जायचं तर मेट्रो आहे. दुपारी बारा ते चार दार उघडायचं नाही, भाजीवाला ओरडला तरी. आई, गुडघ्याचं तेल कपाटात ठेवून गुण येत नाही. बाथरूममध्ये पकडायला दांडी लावायला माणूस रविवारी येईल, दादाने पैसे दिलेत, त्याला "नको" म्हणून परत पाठवू नका.

मैत्रीण पुढच्या महिन्यात नागपूरला येतेय, तिच्याजवळ अर्धा किलो मीठ देतेय, त्याच डोणीतलं. आई, कैरीच्या लोणच्यात घाल. बाबा, तुमचं बीपी माहीत आहे मला, जेवताना वरून घ्यायचं नाही. एक दाणा जिभेवर ठेवून बघा, एकच. आई, लक्ष ठेव.

तुमची
चिमी